घटस्फोट : कोर्टातला आणि बँकेतला

घटस्फोट हा शब्द आपल्या वस्तीत अजूनही दबक्या आवाजात उच्चारला जातो. मुलीचे सासरी जमत नाही असे कळले की चार वडीलधारी माणसे बसतात, दोन्हीकडची समजूत घालतात, मुलीला एकदा नांदायला पाठवतात, दुसऱ्यांदा पाठवतात. त्यात गैर काही नाही. मोडणे सोपे, जोडणे अवघड. परंतु आता जमणारच नाही हे सर्वांना कळून चुकते, तेव्हा पुढे काय आणि कोणत्या क्रमाने करावयाचे याची माहिती त्या चौघांपैकी क्वचितच कोणाला असते. मग ज्याला जे ऐकून ठाऊक तो ते सांगतो, आणि त्या सल्ल्याची किंमत पुढे वर्षानुवर्षे एखादी बाई, कधी एखादा पुरुष आणि बहुतेक वेळा लहान मुले मोजत राहतात.

आम्ही बँकेत कारकुनी करतो. वकील नाही. पण खिडकीच्या आतल्या बाजूने वीस-बावीस वर्षे माणसांचे व्यवहार पाहिल्यावर एक गोष्ट आमच्या ध्यानात आली आहे. कोर्टाचा हुकूमनामा लग्न संपवतो, खाती संपवत नाही. संयुक्त खाते, कर्जावरची सही, लॉकरची चावी, ठेवीवरचे वारसाचे नाव यांपैकी एकही गोष्ट घटस्फोटाने आपोआप बदलत नाही. बँकेला कोणी कळवल्याशिवाय बँकेच्या लेखी ती दोघे नवराबायकोच असतात. म्हणून घटस्फोट दोनदा घ्यावा लागतो असे आम्ही म्हणतो, एकदा कोर्टात आणि एकदा पैशाच्या कागदांत. दुसऱ्याविषयी कोणी बोलत नाही, म्हणून या लेखाचा बराचसा भाग त्यासाठी खर्ची घातला आहे. आधी थोडे कायद्याविषयी.

आपल्याला लागू कायदा कोणता

विद्यार्थी हा प्रश्न नेहमी विचारतात : आपण बौद्ध, मग हिंदू विवाह कायदा आपल्याला कसा? उत्तर असे की हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २ मध्ये तो बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. हे अनेकांना रुचत नाही आणि बौद्धांसाठी स्वतंत्र विवाह कायदा हवा ही मागणी जुनी आहे. तो होईपर्यंत मात्र कोर्टात हाच कायदा चालणार. नोंदणी पद्धतीने, विशेष विवाह अधिनियम, १९५४ खाली लग्न झाले असेल तर घटस्फोटही त्याच कायद्याने होतो.

घटस्फोटाचा हक्क हा कोणी उपकार म्हणून दिलेला नाही, हेही मुलींनी माहीत करून घ्यावे. मुंबई प्रांतात १९४७ सालीच हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला होता. तो हक्क साऱ्या देशासाठी हिंदू कोड बिलात आणण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर झगडले आणि १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा देताना त्यांनी जी कारणे सांगितली त्यांत हे बिल बारगळल्याचे एक कारण होते. पुढे १९५५ साली विवाहाचा भाग वेगळा मंजूर झाला. परस्पर संमतीने घटस्फोटाची सोय, म्हणजे कलम १३-ब, ही तर १९७६ च्या दुरुस्तीने आली.

स्टँप पेपरवरची सोडचिठ्ठी

हा मुद्दा आम्ही मुद्दाम लांबवणार आहोत, कारण सर्वांत अधिक नुकसान येथेच होते. पंचांसमक्ष बैठक होते, स्टँप पेपरवर फारकतनामा लिहिला जातो, दोघे सह्या करतात, साक्षीदार सह्या करतात, नोटरीचा लाल शिक्का बसतो, आणि ‘झाले मोकळे’ म्हणून सारे घरी जातात. स्टँप पेपर शंभराचा असो की पाचशेचा, त्याने लग्न मोडत नाही. २०२४ साली केंद्राच्या विधी खात्याने नोटरींना लग्नाची वा घटस्फोटाची प्रतिज्ञापत्रे करून देऊ नयेत असे बजावले आहे. कायद्याच्या कलम २९ मध्ये रूढीने चालत आलेल्या काडीमोडीला जागा ठेवली आहे हे खरे. पण तशी रूढी आहे आणि ती अखंड चालत आली आहे हे कोर्टात पुराव्याने सिद्ध करावे लागते. आणि आम्हांस येथे एक विचारावेसे वाटते. जुन्या जातरूढी आम्ही टाकल्या असे आपण व्यासपीठावरून सांगतो, मग सोडचिठ्ठीपुरती तीच रूढी कोर्टापुढे कोणत्या तोंडाने न्यावयाची?

अशा कागदाच्या भरवशावर दुसरे लग्न केले तर ते कायद्याने शून्य ठरते. पहिला जोडीदार हयात असता आणि लग्न कायम असता दुसरे लग्न करणे हा गुन्हाही आहे. कोणी तक्रार केली नाही तर वर्षानुवर्षे काही होत नाही, आणि त्यामुळेच लोकांचा समज दृढ होतो. गाठ पडते ती माणूस गेल्यावर. नवरा सरकारी नोकरीत असतो, सेवेत किंवा निवृत्तीनंतर वारतो, आणि कुटुंब निवृत्तिवेतनासाठी दोन बायका दोन अर्ज घेऊन उभ्या राहतात. खाते विचारते, घटस्फोटाचा हुकूमनामा कुठे आहे? स्टँप पेपर पुढे केला जातो आणि परत केला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली रामेश्वरी देवी प्रकरणात म्हटले की पहिली पत्नी हयात असता झालेल्या दुसऱ्या लग्नाच्या पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन नाही; त्या लग्नाच्या मुलांना मात्र सज्ञान होईपर्यंत त्यात हिस्सा आहे. पंधरा-वीस वर्षे जिने संसार केला तिच्या हाती काही येत नाही. तिचा दोष एवढाच की कोणीतरी तिला तो कागद पुरेसा आहे असे सांगितले.

बैठक घेऊच नये असे आमचे म्हणणे नाही. बैठकीत जे ठरते ते ठरवावे, लिहूनही काढावे, परंतु ते संमतीच्या अटी म्हणून कोर्टात दाखल करावे.

संमतीचा मार्ग

दोघांची संमती असेल तर लग्नाला एक वर्ष झाल्यावर आणि दोघे एक वर्ष वेगळे राहिल्यावर संयुक्त अर्ज करता येतो. वेगळे राहणे म्हणजे वेगळे घरच हवे असे नाही. एका छपराखाली असूनही पतिपत्नी म्हणून न राहणे पुरते. अर्जानंतर सहा महिने थांबून दुसऱ्यांदा हजर व्हायचे आणि अठरा महिन्यांच्या आत तो विषय पुरा करायचा असा नियम आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली अमरदीप सिंग प्रकरणात सांगितले की दोघे दीड वर्षाहून अधिक काळ वेगळे असतील, पोटगी व मुलांचा प्रश्न मिटला असेल आणि पुन्हा जुळण्याची आशा नसेल, तर कोर्ट हे सहा महिने माफ करू शकते. मात्र हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतो. ही गोष्ट पैशाच्या देवघेवीत फार महत्त्वाची आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी कुटुंब न्यायालय आहे. जेथे ते नाही तेथे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे अर्ज चालतो. लग्न जेथे झाले, जेथे दोघे शेवटी एकत्र राहिले, जेथे सामनेवाला राहतो, आणि अर्जदार पत्नी असेल तर ती सध्या जेथे राहते, यांपैकी कोणत्याही ठिकाणी अर्ज करता येतो. माहेरी आलेल्या मुलीला सासरच्या गावी तारखांसाठी हेलपाटे घालण्याची गरज नाही. महाराष्ट्रात १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, घटस्फोट अशा प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. वकिलासाठी जिल्हा व तालुका विधी सेवा प्राधिकरणे आहेत. स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना तेथे उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. म्हणजे ही सवलत आपल्या पुरुषांनाही आहे, परंतु ती मागणारे आम्ही फार थोडे पाहिले. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी माहिती मिळते.

अर्जासोबत लग्नाचा पुरावा लागतो. विहारात किंवा मंडपात त्रिसरण-पंचशील घेऊन झालेल्या अनेक लग्नांची सरकारी नोंदणीच झालेली नसते. मग पत्रिका, फोटो, संस्थेचे विवाह प्रमाणपत्र यांची शोधाशोध सुरू होते. संस्थांच्या चिटणिसांना विनंती की विवाह नोंदवही नीट ठेवावी, वधूवरांच्या सह्या स्पष्ट घ्याव्यात आणि सरकारी नोंदणी झाल्याशिवाय जोडप्याचा पिच्छा सोडू नये.

पोटगी : अर्जाची तारीख मोजली जाते

खटला चालू असता अंतरिम पोटगी आणि निकालानंतर कायम पोटगी, या दोन्ही हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ व २५ खाली मिळतात. तेथे नवराही मागू शकतो, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. याशिवाय पूर्वी जे कलम १२५ म्हणून प्रसिद्ध होते ते १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले आहे. त्याखाली बायको, मुले आणि आईवडील पोटगी मागू शकतात. घटस्फोट झालेली पण पुनर्विवाह न केलेली स्त्रीही मागू शकते.

सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात दोन गोष्टी ठरवून दिल्या. एक, दोन्ही पक्षांनी आपले उत्पन्न, मालमत्ता, कर्जे व खर्च यांचे प्रतिज्ञापत्र दिले पाहिजे. दुसरी, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. म्हणजे ‘बघू, थांबू’ करत घालवलेले महिने परत मिळत नाहीत. पगाराचा अमुक हिस्सा पोटगी असा पक्का नियम नाही. पंचवीस टक्क्यांची जी गोष्ट सांगितली जाते ती २०१७ च्या एका प्रकरणातील आकड्यावरून पसरली. बायको थोडेफार कमावते म्हणून तिचा हक्क जातो असेही नाही.

प्रतिज्ञापत्रात समोरच्याने उत्पन्न दडवले तर ते उघडे पाडायला कागद लागतात. पगारपत्रक, फॉर्म १६, पासबुकांची पाने, भविष्य निर्वाह निधीचा उतारा, विम्याच्या पावत्या, सदनिकेचा करारनामा, दागिन्यांची बिले यांच्या प्रती संसार चालू असतानाच घरात असाव्यात. भांडण पेटल्यावर कपाटाला कुलूप लागते.

थकलेल्या पोटगीबाबत एक मुदत लक्षात ठेवावी. कलम १४४ खालील रक्कम थकल्यावर वसुलीचा अर्ज एक वर्षाच्या आत करावा लागतो. दोन वर्षांनी गेल्यास त्या वाटेने आधीचे वर्ष हातचे जाते. हिंदू विवाह कायद्याखालील पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी पगार जप्त करता येतो, आणि एरवीच्या कर्जापेक्षा येथे नियम कडक आहे : पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित राहतो. जप्तीस पात्र पगार तीस हजार असेल तर वीस हजारांपर्यंत हात घालता येतो.

देणाऱ्यालाही आमचे सांगणे आहे. पोटगी हातोहात देऊ नका. मेहुण्याच्या हाती, शेजाऱ्याच्या हाती पाठवलेल्या पैशांचा पुरावा राहत नाही आणि मग खरेच दिले असतानाही कोर्टात थकबाकीदार ठरण्याची पाळी येते. तिच्या खात्यात भरा. पासबुकातली नोंद दोघांचीही साक्षीदार असते.

बँकेच्या खिडकीपाशी

आता आमच्या रोजच्या पाहण्यातले. नवराबायकोचे संयुक्त खाते बहुधा ‘दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहणारा’ या पद्धतीचे असते. याचा अर्थ दोघांपैकी एकाच्या सहीने सगळी रक्कम निघू शकते, आणि ती काढणाऱ्याला बँक अडवत नाही. अडवण्याचा अधिकारच तिला नाही. बेबनाव झाला असेल तर ज्याला भीती वाटते त्याने शाखेत लेखी अर्ज द्यावा की यापुढे दोघांच्या सह्यांशिवाय व्यवहार करू नये. सर्वसाधारण रीत अशी की असा अर्ज एका खातेदाराकडून आला तरी बँक एकेकट्याने होणारे व्यवहार थांबवते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोचशिक्का घ्यावा. तोंडी सांगितलेले कोणी ऐकले, कोणी नाही. एटीएम कार्ड आणि मोबाईलवरून होणारे व्यवहार यांचाही अर्जात उल्लेख करावा.

मोबाईल म्हटल्यावर आणखी एक. अनेक बायकांच्या स्वतःच्या खात्याला नंबर नवऱ्याचा जोडलेला असतो. खाते तिचे, पण प्रत्येक व्यवहाराचा सांकेतिक क्रमांक त्याच्या फोनवर. वेगळे राहायला लागल्याच्या पहिल्या आठवड्यात करावयाचे काम कोणते असे कोणी विचारले तर आम्ही हेच सांगू : स्वतःच्या एकटीच्या नावाचे खाते, स्वतःचा नंबर, आणि पगार किंवा बचतगटाचे पैसे त्याच खात्यात.

मुदत ठेवी मुदतीआधी मोडायच्या तर सहसा सर्व ठेवीदारांच्या सह्या लागतात, मुदत पुरी झाल्यावर मात्र एकाची सही चालते. म्हणून पावतीवरची तारीख डायरीत लिहून ठेवावी.

दागिन्यांचे प्रकरण नाजूक. लग्नात स्त्रीला मिळालेले दागिने व वस्तू हे तिचे स्त्रीधन. नवरा किंवा सासू ते केवळ सांभाळणारे, मालक नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी प्रकरणात सांगून ठेवले आहे. पण व्यवहारात पुष्कळदा ते सोने नवऱ्याच्या नावाने सोनेतारण कर्जात बँकेत पडलेले असते. बँक दागिना परत करते तो ज्याने गहाण ठेवला त्याला. बाई खिडकीवर येऊन ‘ते माझे मंगळसूत्र आहे’ म्हणते, आणि आमच्यापाशी सहानुभूतीखेरीज द्यायला काही नसते. अशा वेळी कर्जाचा क्रमांक, शाखा, तारीख शक्य तितकी मिळवून कोर्टाकडूनच आदेश आणावा लागतो. लॉकर नवऱ्याच्या आणि सासूच्या नावे असेल तर आत काय आहे ते बँकेला ठाऊक नसते. मात्र लॉकर कोणी कोणत्या दिवशी, किती वाजता उघडला याची नोंद असते आणि कोर्ट ती मागवू शकते. भांडणानंतर दुसऱ्याच दिवशी लॉकर उघडला गेला असेल तर ती नोंद पुष्कळ बोलते.

सर्वांत मोठा घोटाळा गृहकर्जाचा. आमच्या पाहण्यातल्या एका ताईंचा घटस्फोट होऊन सात वर्षे झाली होती. घर नवऱ्याने घ्यायचे, हप्ते त्यानेच फेडायचे असे संमतीच्या अटींत लिहिलेले. त्याने दोन वर्षांनी हप्ते थकवले आणि बँकेची नोटीस या ताईंच्या माहेरी येऊन पडली, कारण कर्जावर सहकर्जदार म्हणून त्यांची सही होती. ‘पण कोर्टाने सांगितलंय ना?’ असे त्या पुनःपुन्हा विचारत होत्या. कोर्टाने त्या दोघांमध्ये सांगितले होते; बँक त्या खटल्यात नव्हती. सहकर्जदार पूर्ण कर्जाला जबाबदार असतो, अर्ध्याला नव्हे. त्यांना पुढे मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज मागायचे तर पतनोंद खराब झालेली. म्हणून हुकूमनाम्याच्या आधी बँकेकडे संयुक्त अर्ज करून एकाचे नाव कर्जातून लेखी कमी करून घ्यावे. एकट्याच्या पगारावर कर्ज बसत नाही म्हणून बँक नकार देते असेही होते. तसे असेल तर दुसरा सहकर्जदार आणावा, कर्ज दुसऱ्या बँकेत नव्याने घ्यावे किंवा घर विकून कर्ज फेडावे. जामीनदाराचेही असेच आहे. मेहुण्याला जामीन राहिलेला भाऊ बहिणीच्या घटस्फोटाने सुटत नाही.

घर कोणाचे

आपल्याकडे लग्नानंतर कमावलेली मालमत्ता निम्मी बायकोची असा कायदा नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी संहितेमुळे, वेगळा करार नसेल तर, नवराबायकोची मिळकत सामाईक धरतात; महाराष्ट्रात ज्याच्या नावे कागद त्याची वस्तू, आणि दुसऱ्याला आपण किती घातले ते दाखवावे लागते. हप्ते बायकोच्या खात्यातून गेले असतील तर ती पासबुके जपावीत.

राहण्याचा हक्क ही निराळी गोष्ट. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याखाली स्त्रीला संसाराच्या घरातून बाहेर काढता येत नाही, आणि २०२० च्या सतीश चंदर आहुजा प्रकरणातील निर्णयानंतर ते घर सासऱ्याच्या नावे असले तरी तिला दाद मागता येते. मात्र याने मालकी मिळत नाही आणि घरावर कर्ज असेल तर बँकेचे गहाणही तसेच राहते.

नवरा घर बायकोच्या किंवा मुलांच्या नावे करून देण्यास राजी असेल तर क्रमाला महत्त्व आहे. महाराष्ट्रात राहते घर पती, पत्नी, मुलगा, मुलगी यांना बक्षीसपत्राने दिल्यास मुद्रांक शुल्क दोनशे रुपये आहे. नोंदणी फी व स्थानिक अधिभार वेगळे. हुकूमनाम्यानंतर ती पत्नी राहत नाही आणि ही सवलतही तिला उरत नाही. मुलांच्या नावे करताना मात्र ती केव्हाही आहे. लाखांचा फरक पडतो, म्हणून वकिलाशी आधी बोलावे.

एकरकमी की दरमहा

‘एकदाच काय ते घेऊन मोकळी हो’ असे माहेरची माणसे म्हणतात. हिशेब करून पाहू. आठ लाख रुपये घेतले आणि सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ५६ हजार, म्हणजे महिन्याला ४,६६६ रुपये पडतात. मूळ रक्कम जागेवर राहते, पण महागाईने तिची किंमत दर वर्षी कमी होते. दरमहा पोटगी परिस्थिती बदलल्यास वाढवून मागता येते, तशी ती कमीही होऊ शकते, आणि पुनर्विवाह केल्यास कोर्ट बंद करू शकते. नवरा पक्क्या पगाराचा असेल तर दरमहा, धंद्याचा किंवा आज येथे उद्या तेथे असा असेल तर एकरकमी, असे आमचे मत आहे. करातही फरक आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयाप्रमाणे एकरकमी पोटगी भांडवली रक्कम धरली जाते आणि तिच्यावर आयकर नाही. दरमहा मिळणारी पोटगी उत्पन्नात मोजतात.

रक्कम देताना डिमांड ड्राफ्ट काढतात. ड्राफ्ट तीन महिनेच चालतो आणि मूळ ड्राफ्ट ज्याच्या हाती आहे तो काढणारा तो बँकेत परत देऊन रद्दही करू शकतो. ‘ड्राफ्ट काढला आहे’ म्हणून झेरॉक्स दाखवली तर तिच्यावर विसंबून सही करू नये. संमती शेवटपर्यंत मागे घेता येते हे वर सांगितलेच आहे. म्हणून काही भाग पहिल्या हजेरीला, उरलेला ड्राफ्ट कोर्टात जमा करून दुसऱ्या हजेरीला, अशी रीत दोघांच्याही हिताची आहे. पुढील तारखांचे चेक पोटगी म्हणून घेणे आम्हांस पसंत नाही. घेतलेच तर चेकची मुदतही तीन महिनेच, आणि न वटल्यास तीस दिवसांत नोटीस द्यावी लागते.

मिळालेली रक्कम एक टक्का अधिक व्याजाच्या मोहाने एखाद्या पतपेढीत ठेवू नये. बँकेतील ठेवींना दर बँकेत दर ठेवीदारास पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थांना ते नाही. दोन-तीन बँकांत विभागून ठेवावी, किंवा पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत, जेथे एकाच्या नावे नऊ लाखांपर्यंत ठेवता येतात.

वारसाचे नाव, पेन्शन आणि मुले

घटस्फोटानंतरही ठेवी, विमा, भविष्य निर्वाह निधी यांवर पूर्वीच्या जोडीदाराचे नाव वर्षानुवर्षे तसेच राहते. बँकेतील नॉमिनी हा केवळ वारसांच्या वतीने रक्कम घेणारा असतो, पण घेतलेली रक्कम त्याच्याकडून परत काढणे म्हणजे पुन्हा कोर्ट. विम्यात तर २०१५ च्या दुरुस्तीपासून पती, पत्नी, मुले, आईवडील नॉमिनी असतील तर रक्कम त्यांच्याच हक्काची धरली जाते. म्हणून हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत हाती पडली की सगळीकडे नावे बदलावीत. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींवर चारपर्यंत नावे देता येतात. घटस्फोटाने मुलांचा वारसाहक्क जात नाही. दूर राहणारा मुलगा वा मुलगीही बापाच्या मिळकतीची वारस असते. पूर्वपत्नी मात्र वारस राहत नाही.

यातच पेन्शनचा प्रश्न येतो. नवरा जुन्या निवृत्तिवेतनाच्या नोकरीत असेल तर घटस्फोटाने बायकोचा कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्क संपतो, आणि कोर्टाचे शुल्क-खर्च मोजणारे वकील-मध्यस्थ ही बाब पोटगीच्या बोलण्यात धरतच नाहीत. पन्नाशी ओलांडलेल्या बाईने घटस्फोटाऐवजी केवळ वेगळे राहण्याचा हुकूम, कलम १० खाली, घ्यावा का याचाही विचार करावा. त्यात लग्न कायम राहते.

उलट बाजूही आहे. आपल्या समाजात रेल्वे, पोस्ट, संरक्षण खाते येथून निवृत्त झालेले वडील पुष्कळ. केंद्र सरकारी नोकरांच्या नियमांत, आईवडिलांवर अवलंबून असलेल्या घटस्फोटित मुलीला, तिच्या आधीचा हक्कदार उरला नसेल तर, कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. अट अशी की घटस्फोट आईवडिलांच्या हयातीत झालेला असावा. २०१७ च्या खुलाशाप्रमाणे निकाल नंतर लागला तरी निदान कोर्टातील अर्ज त्यांच्या हयातीत दाखल झालेला असावा. दहा-दहा वर्षे माहेरी बसलेल्या, स्टँप पेपर उशाशी ठेवून असलेल्या मुली आपल्या ओळखीत आहेत. वडील ऐंशीच्या घरात आहेत. त्यांचा अर्ज या वर्षी दाखल होतो की पुढल्या, यावर त्या मुलीच्या उरलेल्या आयुष्याचे उत्पन्न ठरणार आहे.

मुलांच्या नावे ठेवायच्या रकमेबद्दल एक शेवटचे. आईला पालक म्हणून सही करता येत नाही असे सांगून पूर्वी बायकांना परत पाठवत असत. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ साली आपल्या अज्ञान मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांसाठी केलेला अर्ज याच कारणाने परत आला होता. त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि १९९९ साली निकाल झाला की बापाचे लक्ष नसेल वा तो सांभाळ करीत नसेल तर त्याच्या हयातीतही आई नैसर्गिक पालक म्हणून काम करू शकते. कोणत्याही शाखेत कोणी ‘वडिलांची सही आणा’ म्हणाले तर शाखाधिकाऱ्यांना भेटून हा निकाल सांगावा, मुलाचा ताबा आईकडे असल्याची कोर्टाची प्रत दाखवावी, आणि नकार मिळाल्यास तो लेखी मागावा. लेखी मागितल्यावर नकार क्वचितच येतो.